शाळेची जुनी दगडी इमारत जपायची तर आधी पाणी, मग चुना, रंग सगळ्यात शेवटी

बॅचचे स्नेहसंमेलन झाले, वर्गणी जमली आणि ‘शाळेसाठी काहीतरी करूया’ असे ठरले की पहिला विषय निघतो रंगाचा. दुसरा प्रवेशद्वाराच्या कमानीचा, तिसरा पटांगणात पेव्हिंग ब्लॉक घालण्याचा. काळ्या दगडाच्या, सागवानी कैच्यांच्या (छपराचा भार पेलणाऱ्या त्रिकोणी लाकडी चौकटी) आणि मंगलोरी कौलांच्या इमारतीला या तिन्हींची गरज नसते, आणि ब्लॉकने तर नुकसानच होते. भवानी मंडपाजवळचे मेन राजाराम असो, शाहू महाराजांच्या काळातले एखादे बोर्डिंग असो की पेठेतली जुनी शाळा, कोल्हापुरातल्या अशा इमारतींचा खरा वैरी पाणी आहे. त्यापाठोपाठ येते ते पाणी अडवायला म्हणून थापलेले सिमेंट. खालची सगळी कामे याच क्रमाने घ्यायची आहेत.

कागद आणि ऑडिट

नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा उतारा काढा. जागा कोणाची आणि इमारतीच्या दुरुस्तीची जबाबदारी कोणाची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जागा शासनाची, शाळा जिल्हा परिषदेची किंवा संस्थेची आणि दुरुस्ती सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, अशी विभागणी नवी नाही. मग महापालिकेच्या वारसा यादीत इमारत आहे का आणि कोणत्या श्रेणीत, ते बघा. यादीत असेल तर बाहेरचा चेहरा बदलणाऱ्या कामाला वारसा समितीचा सल्ला आणि आयुक्तांची परवानगी लागते. नसेल तर समाविष्ट करण्याचा अर्ज आताच द्या. पाडण्याची चर्चा सुरू झाल्यावर दिलेल्या अर्जाकडे अडवणूक म्हणूनच बघितले जाते. इंटॅक या वारसा जतन करणाऱ्या संस्थेच्या कोल्हापुरातल्या मंडळींना या टप्प्यावर गाठलेले बरे.

जुनी इमारत पाडायची असली की ती आधी ‘धोकादायक’ ठरते. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ ची नोटीस निघते, तिच्याबरोबर स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल येतो, आणि त्या अहवालात रिबाउंड हॅमरचे आकडे असतात. हे उपकरण काँक्रीटसाठी आहे. दोन थरांच्या दगडी भिंतीवर ते आपटून आलेल्या आकड्याला काही अर्थ नसतो. चुन्यातल्या दगडी बांधकामाचा आणि लाकडी छपराचा अनुभव असलेला अभियंता शोधा आणि त्याच्याकडून या गोष्टी लेखी मागा: प्रत्येक भिंतीचा ओलंबा दर मीटरला किती सुटला आहे (म्हणजे भिंत किती कलली आहे), भिंतीच्या पोटात पोकळी आहे का (बारीक छिद्रातून कॅमेरा घालून), प्रत्येक तुळईचे आणि कैचीचे भिंतीत गेलेले टोक तपासले का, आणि भेगा जित्या (अजून हलणाऱ्या) आहेत की जुन्या.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एका भेटीत मिळत नाही. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा, तारीख लिहा. पट्टी गिलाव्यावर नको, गिलावा खरवडून दगडावर हवी. नाहीतर सुटलेल्या गिलाव्याचीच हालचाल मोजत बसाल. एक पूर्ण पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. काळ्या मातीवरचा पाया पावसात फुगतो आणि मे महिन्यात आक्रसतो, त्यामुळे काही भेगा दरवर्षी उघडतात आणि मिटतात. त्या सिमेंटने बुजवल्या तर शेजारी नवी भेग पडते. एकाच दिशेने रुंदावत जाणारी भेग मात्र गंभीर. वर रुंद आणि खाली अरुंद असेल तर बहुधा भिंतीचे एक टोक खचते आहे किंवा छप्पर भिंतीला बाहेर ढकलते आहे.

फोटो हीच पहिली देणगी

माजी विद्यार्थ्यांकडे असा ऐवज आहे जो कोणत्याही वास्तुतज्ज्ञाकडे नाही: दरवर्षी त्याच पायऱ्यांवर काढलेला दहावीचा किंवा मॅट्रिकचा ग्रुप फोटो. मागे इमारत असतेच. वर्षाच्या क्रमाने मांडले की व्हरांड्याचा कठडा मुळात कसा होता, पन्हळ कोणत्या साली गेली, कौले काढून पत्रा कधी आला, कमानीच्या चावीच्या दगडावरची भेग कधीपासून दिसते, सगळे कळते. फोटो स्कॅन करून मागा (किमान ६०० डीपीआय), व्हॉट्सअॅपवर पाठवलेले चालत नाहीत, बारकावे दबतात. प्रत्येक फोटोला वर्ष, तुकडी आणि तो कोणत्या दिशेने काढला आहे एवढी नोंद हवी.

त्यानंतर मोजमाप: आराखडे आणि दर्शनी बाजू १:५० प्रमाणात, दारे-खिडक्या-कठडे १:१० मध्ये. कैच्यांना, खिडक्यांना, खांबांना क्रमांक द्या. पुढे गवंड्याशी बोलताना ‘ती डावीकडची खिडकी’ असे म्हणून भागत नाही.

पाणी

जुलैत धो-धो पाऊस चालू असताना छत्री घेऊन इमारतीभोवती एक फेरी आणि माळ्यावर बॅटरी घेऊन एक फेरी मारा. उन्हाळ्यातल्या दहा पाहण्यांपेक्षा ही एक जास्त सांगते. पागोळी कुठे पडते, जोत्यावर किती उडते, भिंतीवर हिरवट पट्टा कुठून सुरू होतो, हे खुणा करून ठेवा.

कौले: फुटलेले कौल लगेच दिसते, सरकलेले दिसत नाही, आणि गळती बहुतेक सरकलेल्यातून होते. मंगलोरी कौले चौरस मीटरला साधारण १५ बसतात. बदलायच्या हिशोबावर १० टक्के जादा घ्या. जुने कौल बोटाच्या पेराने वाजवा, खणखणले तर चांगले, बद्द वाजले तर तडा आहे. नवी कौले जुन्यांत मिसळत नाहीत, कारण साच्याचा आकार थोडा वेगळा असतो आणि खाच नीट बसत नाही. म्हणून चांगली जुनी कौले काढून दर्शनी उतारावर एकत्र लावा आणि मागचा उतार पूर्ण नव्या कौलांचा करा. पेठांतले वाडे उतरतात तिथेही जुनी कौले मिळतात. रिपांमधले (कौले ज्यांवर टेकतात त्या लाकडी पट्ट्यांमधले) अंतर पुस्तकातून घेऊ नका. हातातली दहा कौले जमिनीवर एकात एक बसवून मोजा आणि त्यावरून ठरवा.

आढ्यावरची (छपराच्या माथ्यावरची) कौले सिमेंटमध्ये बसवली की दोन उन्हाळ्यांत तडकतात, कारण लाकूड हलते आणि सिमेंट हलत नाही. तिथे चुना-सुर्खीच (सुर्खी म्हणजे विटांची पूड) हवी. छपरावर पत्रा टाकून ‘एकदाचे काम’ संपवण्याचा मोह टाळा. पत्र्याखाली वर्ग तापतात, पावसात शिक्षकांचा आवाज ऐकू जात नाही, आणि वजन कमी झाल्याने वादळी वाऱ्यात छप्पर उचलले जाण्याचा धोका वाढतो.

पन्हळी: जिथे पन्हळी होत्या आणि गेल्या, तिथे त्या परत लावणे हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी काम. अर्धगोल, १५० मिमी, मीटरला साधारण १ सेंटिमीटर उतार, ब्रॅकेट ७५ सेंटिमीटरच्या आत. तासाला १०० मिमी पाऊस धरला तर १०० मिमी व्यासाचा एक उभा पाइप सुमारे ४० चौरस मीटर छपराचे पाणी नेतो. छपराचे क्षेत्रफळ भागिले ४०, एवढे पाइप. पाइप भिंतीपासून ३ सेंटिमीटर सुटा ठेवा, म्हणजे सांधा गळला तरी भिंत भिजत नाही. ज्या ठिकाणी दोन उतार मिळतात तिथली पन्हळ सर्वात आधी कुजते आणि तिच्याखालचे लाकूडही. तिथला पत्रा जाडच घ्या.

जोते: वर्षानुवर्षे मुरूम, डांबर, मग ब्लॉक असे थर चढत गेले की बाहेरची जमीन जोत्याच्या वर येते आणि पावसाचे पाणी थेट भिंतीत शिरते. भिंतीपासून एक मीटर रुंदीचे ब्लॉक आणि काँक्रीट काढा. जमीन आतल्या फरशीच्या निदान १५ सेंटिमीटर खाली आणा, बाहेरच्या बाजूला ५० ला १ उतार द्या, कडेने खडी भरलेला चर घ्या आणि त्याचे पाणी गटारापर्यंत न्या. पायाच्या तळाखाली खणायचे नाही, हे ठेकेदाराला लेखी सांगा. भिंतीला चिकटून बांधलेली स्वच्छतागृहे आणि पाण्याच्या टाक्या हलवल्याशिवाय त्या भिंतीवर एक पैसाही खर्च करू नका.

शाळा पूररेषेत असेल तर (२००५, २०१९ आणि २०२१ ने ही रेषा कुठवर येते ते दाखवून दिले आहे) राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की दप्तर (शाळेच्या नोंदी), वाद्ये आणि वीजजोड वर हलवण्याचे काम सुरू झाले पाहिजे; ४३ फुटांची धोका पातळी गाठेपर्यंत थांबायचे नाही. पूर ओसरल्यावर गाळ ओला असतानाच धुवा. भिंती सुकायला महिने लागतात, तोवर गिलावा नाही आणि रंग तर नाहीच.

चुना

आपला काळा दगड इतका घट्ट असतो की पाणी त्यातून जवळपास जात नाही. भिंतीत शिरलेले पाणी बाहेर पडते ते दरजांमधून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून. त्या दरजा सिमेंटने भरल्या की बाहेर पडायची वाट बंद होते, भिंतीच्या पोटातला चुना-माती भिजून धुपते, बाहेरचा थर आतल्यापासून सुटतो आणि भिंतीला पोट येते. लाकडी तुळईचे टोक त्याच ओलीत कुजते. दर्शनी बाजूला सिमेंटच्या फुगीर रेघा मारून त्यांवर पांढरा रंग देण्याची जी पद्धत पडली आहे, ती दिसायला टापटीप आणि करायला घातक.

कळीचा (न विरवलेला) चुना ताजा, ढेकळांत घ्या. पोत्यातच भुकटी झालेला असेल तर परत करा, तो हवेने मेलेला असतो. हौदात आधी पाणी, मग चुना. उलट केले तर तो उकळून अंगावर उडतो. वजनाने एक भाग चुन्याला साधारण तीन भाग पाणी. गॉगल, रबरी हातमोजे आणि शेजारी स्वच्छ पाण्याची बादली नसेल तर काम सुरू करायचे नाही, आणि शाळेच्या आवारात हौदाला कुलूपबंद जाळीचे झाकण हवे. उकळणे थांबल्यावर ढवळा, बारीक जाळीतून दुसऱ्या हौदात गाळा, वर कायम चार बोटे पाणी ठेवा. दरजांसाठी किमान महिनाभर, गिलाव्याच्या शेवटच्या हातासाठी तीन महिने मुरवा. म्हणजे दिवाळीनंतर भिंतीला हात घालायचा असेल तर हौद गणपतीच्या आधी भरलेला हवा. बहुतेक कामे इथेच सिमेंटकडे घसरतात: ठेका निघतो डिसेंबरात, चुना तयार नसतो, आणि मग ‘थोडे सिमेंट मारूया’.

जाड भिंतीच्या आत हवा पोचत नाही, त्यामुळे नुसता चुना तिथे धरत नाही. त्यासाठी सुर्खी. ती कमी भाजलेल्या विटांची हवी. कडक भाजलेल्या विटेची पूड नुसती भर म्हणून राहते. पारखायची सोपी रीत: समभाग चुना आणि सुर्खीचा लिंबाएवढा गोळा करा, आठवडाभर ओल्या गोणपाटात ठेवा, मग पाण्याच्या भांड्यात सोडा. दुसऱ्या दिवशी विरघळला तर सुर्खी बदला.

प्रमाण: दरजांसाठी १ घमेले चुन्याचा लगदा, १ सुर्खी, २ वाळू. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) घेतली तर धुऊन भुकटी काढून टाका, नाहीतर मसाला आक्रसून तडकतो. मिश्रण चाकाच्या घाणीत मळा. फिरत्या ड्रमच्या मिक्सरमध्ये गोळे होतात, ते मोडायला गडी पाणी ओततात आणि मसाला गेला. चुना मळत राहिले की पाणी न घालताही मऊ होतो, हे नव्या गवंड्याला पटायला एक दिवस लागतो.

गूळ, बेलफळ, हिरडा घालायची जुनी रीत आहे. हिरडा आणि बेलफळ भिजवून त्याचे पाणी वापरा. गुळाचे पाणी मात्र अगदी पातळ. जास्त झाले तर मसाला ओलाच राहतो आणि मुंग्यांची रांग लागते. गुळाच्या गावात गुळाची निवड चुकू नये: हायड्रॉस (रंग उजळवणारे रसायन) मारलेला पिवळाधमक गूळ बाजारात भाव खात असेल, चुन्यात तो क्षार सोडतो. काळपट, बिनरसायनाचा घ्या.

आधी मागच्या बाजूला एक मीटर बाय एक मीटरचा नमुना करून महिनाभर बघा. मग दर्शनी भिंत.

दरजा काढताना ग्राइंडर नको, तो दगडाच्या कडा खातो आणि त्या पुन्हा येत नाहीत. हातोडी आणि अरुंद टाकी. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, किमान २५ मिमी. धूळ झाडा, पाणी मारा, ओल शोषली गेली की मसाला दाबून भरा, रुंद दरजेत दगडी चिपा ठोका. पृष्ठभाग दगडाच्या कडेपेक्षा किंचित आत ठेवा. आठवडाभर ओले गोणपाट लटकवा. ऊन आणि वारा लागला तर वरची साय सुकते आणि आतला चुना कच्चा राहतो. नख मारले की पीठ पडते.

भिंतीला पोट आले असेल तर दरजा भरून भागत नाही. २० ते २५ मिमीची छिद्रे, ५० सेंटिमीटरवर, नागमोडी ओळीत पाडायची. आधी पाणी सोडून आत धुवायचे, मग खालून वर पातळ चुना-सुर्खीचा रस सोडायचा, तोही नुसत्या उंचीच्या दाबाने. एका दिवसात ६० सेंटिमीटरपेक्षा वर जायचे नाही. पंपाने दाब दिला तर सुटलेला थर कोसळू शकतो. या कामावर अभियंता प्रत्यक्ष हजर हवा. दोन्ही थर बांधणारे आरपार दगड कुठे बसवायचे, तेही तोच ठरवेल.

भिंतीतून उगवलेला पिंपळ किंवा उंबर ओढून काढू नका, मुळांबरोबर दगड येतात. बुंध्याशी कापा आणि मूळ किती आत गेले ते बघा. दोन-तीन थरांच्या आत असेल तर ते दगड क्रमांक घालून उतरवा, मूळ काढा, चुन्यात परत बसवा. मीठ किंवा अॅसिड ओतणारे भेटतील. झाड मरेल न मरेल, भिंतीला क्षार कायमचा लागतो. दगड धुवायलाही अॅसिड, तारेचा ब्रश किंवा वाळूचा फवारा नको. पाणी आणि नायलॉनचा ब्रश पुरे.

लाकूड

सागाच्या मधल्या भागाला शंभर वर्षांनीही काही झालेले नसते. कुजते ते भिंतीतले टोक. स्क्रूड्रायव्हर सहज अर्धा इंच आत गेला किंवा ओल मोजणाऱ्या यंत्राने २० टक्क्यांच्या वर दाखवले, तर टोकाभोवतीचे दगड मोकळे करून बघा. कुजलेला तेवढाच भाग कापून जुन्याच सागाचा तुकडा तिरप्या सांध्याने जोडा आणि दोन्ही बाजूंनी स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या बोल्टने आवळा. परत बसवताना टोकाभोवती १० ते १५ मिमी हवेची जागा सोडा. ती फट गवंडी प्रेमाने भरून टाकतात, म्हणून तिथे उभे राहूनच काम करून घ्या.

वाळवीसाठी फरशी आणि भिंतीच्या सांध्यात ३० सेंटिमीटरवर १२ मिमीची छिद्रे पाडून औषध सोडतात. हे परवानाधारक माणसाकडूनच, मे महिन्याच्या सुट्टीत, आणि औषधाचे नाव व तारीख शाळेच्या नोंदवहीत. सागाला पॉलिश म्हणून ऑइलपेंट फासू नका.

वरच्या लाकडी मजल्यावर वजन किती, याचा विचार सहसा कोणी करत नाही. वर्गासाठी चौरस मीटरला साधारण ३०० किलो धरतात, पुस्तकांच्या घोड्यांना त्याच्या दुप्पट. म्हणून ग्रंथालय, जुन्या दप्तराची कपाटे आणि बॅटऱ्या तळमजल्यावर. तुमचे स्नेहसंमेलनही तळमजल्यावर किंवा पटांगणात घ्या. दोनशे माणसे एका तालात नाचतात तेव्हा मजल्यावर येणारा भार बसलेल्या वर्गापेक्षा कितीतरी जास्त असतो.

वायरिंगसाठी दगडात खाचा नकोत. उघड्या नळ्या दरजेत खिळे ठोकून बसवा, दगडात नाही.

कोणत्या महिन्यात काय

मे महिन्यात शाळा रिकामी, म्हणून छप्पर तेव्हाच उघडायचे, असा सगळ्यांचा बेत असतो. पण एप्रिल-मे म्हणजे वळीव. दुपारी चारपर्यंत ऊन, साडेचारला वारा, गारा आणि उघड्या माळ्यावर पाणी. ताडपत्री त्या वाऱ्यात टिकत नाही. छपराचे काम दिवाळीच्या सुट्टीत सुरू करा, एका वेळी दोन कैच्यांमधलाच भाग उघडा आणि संध्याकाळपूर्वी झाका. दरजा आणि बाहेरचा गिलावा ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. बोर्डाच्या परीक्षा सुरू झाल्या की ठोकाठोक बंद. मे महिन्यात आतली कामे: वाळवी, वायरिंग, फरशी, आतला चुन्याचा हात.

पैसा आणि ठेका

माजी विद्यार्थी संघाची नोंदणी धर्मादाय कार्यालयात हवी आणि देणगीदाराला करसवलत देणारी प्राप्तिकराची मान्यताही. परदेशातले माजी विद्यार्थी भारतीय नागरिक असतील तर बँकेतून थेट देऊ शकतात. तिकडचे नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी परकीय ठरते आणि तिला एफसीआरए (परकीय देणग्यांचा कायदा) नोंदणी लागते. ती नसताना घेतलेला पैसा संघाला गोत्यात आणतो. कंपन्यांच्या सीएसआरमध्ये (सामाजिक कामांच्या निधीत) ऐतिहासिक इमारतींचे जतन बसते, त्यामुळे अर्जात ‘शाळा दुरुस्ती’ असे मोघम न लिहिता ‘ऐतिहासिक इमारतीचे जतन’ लिहा आणि मोजमापाचे नकाशे जोडा.

अंदाजपत्रक वाचताना प्रत्येक ओळीत सिमेंट शोधा. सरकारी दरसूचीत (कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीत) चुन्याची बाब सापडली नाही की कारकून जवळची सिमेंटची बाब घालतो आणि पुढे ठेकेदार त्याच कागदावर बोट ठेवतो. चुन्याच्या कामाचे दर विश्लेषण अभियंत्याकडून वेगळे करून घ्या. ठेका एकरकमी नको, मोजमापावर हवा, कारण दरजा उघडल्याशिवाय आतले काय ते कळत नाही. अंदाजात १५ ते २० टक्के अनपेक्षित कामासाठी धरा. नमुना मंजूर झाल्याशिवाय पहिले बिल नाही, ही अट घाला. दहा टक्के रक्कम एक पूर्ण पावसाळा उलटेपर्यंत रोखून ठेवा.

जमलेल्या पैशातला एक भाग ठेव म्हणून बाजूला काढा आणि त्याच्या व्याजातून वर्षाची कामे करा: मृगाच्या आधी पन्हळी साफ आणि सरकलेली कौले जागेवर, जुलैत पावसातली फेरी, दसऱ्याच्या सुमारास भिंतीवरची रोपे बोटाएवढी असतानाच उपटणे, जानेवारीत काचेच्या पट्ट्यांची नोंद. शिडी, पन्नासेक जादा कौले आणि माळ्याची किल्ली शाळेतच ठेवा, आणि किल्ली कोणाकडे आहे ते मुख्याध्यापक बदलले की नव्याने लिहून ठेवा.